सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरीच गेली?

पंधरा-वीस वर्षे राबलेल्या डिझेल पिकअपची किल्ली फिरवली आणि इंजिन न फिरता नुसता ‘टक’ आवाज आला, की पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी बसते, चार दिवस गाडी चालते आणि पुन्हा तेच रडगाणे. ते चार दिवस बरे जातात, कारण बॅटरी बदलताना टर्मिनलही घासली गेलेली असतात.

हेडलाइट लख्ख लागतात म्हणून बॅटरी ठणठणीत, हा समज याच्या उलट टोकाचा. 60 वॅटचा एक बल्ब जेमतेम 5 अँपिअर ओढतो. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ 200 अँपिअरच्याही पुढे जातो. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसतात, 12.2 म्हणजे निम्मी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी काटा साधारण 9.6 च्या खाली गेला, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी. तरीही तसेच झाले, तर बहुधा तिचा जीव संपलेला असतो.

जाडजूड केबल तुटलेली नाही म्हणजे चांगली आहे, हा समज सर्वांत जास्त पैसे घालवतो. एखाद्या सांध्यात 0.01 ओहम एवढा किरकोळ रोध आला, तरी 200 अँपिअरला तिथेच 2 व्होल्ट खर्ची पडतात. इतका बारीक रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर भरवशाने कळत नाही, आणि प्रवाह वाहत नसताना तोटाही दिसत नाही. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवून सेल्फ चालू असतानाच मोजायचे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढलेली असावी. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरे इंजिनच्या घासलेल्या उघड्या धातूवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगमध्ये दोष. पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत 0.5 पर्यंत चालते.

अर्थिंगचा दोष जुन्या गाडीत हमखास आढळतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे परतीचा प्रवाह अर्थच्या पट्टीतूनच जायला हवा. पट्टी गंजली की तो दुसरी वाट शोधतो, कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली, तर निदान झालेच. केबलच्या टोकाशी आवरण फुगलेले असेल, तर आत तांबे काळे किंवा हिरवे पडलेले निघते. वरून टर्मिनल चकचकीत करून काही होत नाही.

‘टक’ म्हणजे सेल्फ जळाला, हेही घाईचे अनुमान. भराभर टकटक होते तेव्हा सोलेनॉइड उचलतो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो आणि पुन्हा उचलतो. दोष बहुधा उतरलेल्या बॅटरीत किंवा सैल टर्मिनलमध्ये. एकच दमदार ‘टक’ आणि जाड बोल्टवर पुरेसे व्होल्ट असतील, तर सोलेनॉइडचे आतले तांब्याचे संपर्क जळालेले किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असतात. हातोडीच्या दांड्याने सेल्फला ठोकल्यावर गाडी लागते ती अडकलेले कार्बन हलतात म्हणून. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आवाजच नसेल, तर किल्ली फिरवलेली ठेवून सोलेनॉइडच्या बारीक वायरवर मोजावे. तिथे जवळपास बॅटरीइतके व्होल्ट आले, तर दोष सोलेनॉइडकडे. नाही आले तर फ्यूज, रिले किंवा किल्लीच्या स्विचकडे. रिले नसलेल्या जुन्या वायरिंगमध्ये सोलेनॉइडचा सारा भार किल्लीवर पडतो आणि तिचे संपर्क करपतात.

धक्का मारून गाडी लागली, यावरूनही बॅटरीच गेली असे ठरत नाही. इंजिन आणि डिझेलपुरवठा ठीक आहे, एवढेच कळते. सेल्फ झपाट्याने फिरतो पण थंडीत इंजिन धरत नाही, तेव्हा सेल्फ खोलण्याआधी हीटर प्लग तपासावेत.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग पाहण्याची सवय जुन्या डायनामोच्या काळातली. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळून डायोड आणि रेग्युलेटर जाऊ शकतात. बॅटरीवर मीटर लावून इंजिनचा वेग थोडा वाढवला आणि 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले, की चार्जिंग ठीक.