टेपच्या ग्रंथालयाची मोजदाद

बिदरचा महमूद गवान मदरसा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. १४७२ साली उभ्या राहिलेल्या या विद्यापीठात सुमारे ३,००० हस्तलिखिते होती, असे सांगतात. त्यांतून हवी ती पोथी सापडायची तर नोंद हवीच. आजच्या डेटा सेंटरमधली टेप लायब्ररीही नोंदीवरच चालते.

इथे पोथीच्या जागी टेपची कार्ट्रिज असते. एलटीओ-९ प्रकारच्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट माहिती मावते. नव्या कार्ट्रिज खणांत ठेवून दार लावले की रोबो प्रत्येक खणापुढे जाऊन बारकोड वाचतो. त्यावर सहसा ८ अक्षरे असतात: पहिली ६ कार्ट्रिजची ओळख, शेवटची २ तिचा प्रकार. कोणत्या खणात कोणती कार्ट्रिज, ही यादी अशी तयार होते.

मात्र रोबो फक्त लेबल वाचतो. टेपवर काय आहे, हे बॅकअप सॉफ्टवेअरच्या नोंदीत असते आणि ती नोंद लेबलच्या क्रमांकावरूनच सापडते. लेबल नसेल, तर एकेक टेप ड्राइव्हमध्ये घालून तपासावी लागते. सर्व्हर बंद पडलेला असताना तेवढा वेळ कोणाकडे असतो?

घरातल्या जुन्या कॅसेटचेही तसेच आहे. आजोबांचा आवाज कोणत्या कॅसेटमध्ये आहे, हे आजीला आठवते आहे तोवर तिला विचारून लेबल लावून घ्या.