आंब्याचा भिरूड

ठाणें जिल्ह्यांत, भिवंडी तालुक्यांतील दिघाशीच्या बाजूस ज्यांच्या आंब्याच्या वाड्या आहेत, त्या आमच्या वाचकांस भिरूड हा शब्द नवा नाहीं. आजोबांनीं लावलेल्या आंब्याची एक फांदी अकस्मात् वाळूं लागते, घरांत दृष्ट लागल्याची कुजबूज होते, आणि पुढें कांहीं वर्षांत झाड उभें वाळून जातें. अशा वेळीं दृष्टीचा विचार सोडून बुंध्याकडे पाहावें. सालीस भोंक, त्यांतून गळणारा काळपट रस आणि खालीं लांकडाचा भुसा दिसला, म्हणजे चोर आंतच आहे असें समजावें.

हा चोर म्हणजे लांब मिशांच्या एका भुंगेऱ्याची अळी होय. शास्त्रांत त्यास 'बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा', म्हणजे तांबूस ठिपक्यांचा, असें नांव असून स्वीडनच्या द गेअर या पंडितानें १७७५ सालीं त्याचें वर्णन केलें. भुंगेरा सुमारें दोन इंच लांब, राखी रंगाचा. मानेवरील ढालीवर दोन नारिंगी डाग, आणि मिशा अंगाहूनहि लांब. हातीं धरिला तर करकर असा आवाज करितो. मुलांस याची मोठी मौज वाटते. परंतु तो आवाज घशांतला नसून छातीचे दोन भाग एकमेकांवर घासल्यानें निघतो.

पावसाळ्याच्या सुमारास हे भुंगेरे झाडांतून बाहेर पडतात, रात्रीं हिंडतात व दिव्यावरहि येतात. मादी जबड्यानें सालीस चीर पाडून तींत अंडें घालते. आठ-पंधरा दिवसांत निघालेली पिवळसर अळी बिनपायाची असते. तिचे जबडे मात्र सुताराच्या पटाशीसारखे. ती प्रथम सालीखालचा कोंवळा थर खाते. पानांत तयार झालेलें अन्न याच थरांतून खालीं उतरत असल्यानें झाड मुळाकडून उपाशी पडतें. मग ती लांकडांत शिरते, बोटभर लांब व अंगठ्याएवढी जाड होते, व तेथेंच कोष करिते. या साऱ्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. फणस, अंजीर व सांवर हींहि झाडें तिला चालतात.

उपाय सोपा आहे, पण वेळींच केला पाहिजे. भोंक साफ करून तारेच्या आंकड्यानें अळी ओढून काढावी, पेट्रोलांत भिजविलेला कापसाचा बोळा आंत सारावा व वरून चिखलानें लिंपावें. वाळलेली फांदी तोडून जाळावी. ती पावसाळ्यापर्यंत पडवींत रचून ठेवणें म्हणजे भिरुडास पाळणा बांधून देणें होय. आमच्या मतें सर्वांत अधिक हानि सामाईक झाडांची होते. फळें उतरविण्याच्या दिवशीं सर्व भाऊबंद हजर असतात. बुंध्याखालचा भुसा पाहण्याचें काम मात्र कोणाच्याच वांट्यास आलेलें नसतें.