घाटातली बॅटरी: पैसा नक्की कुठे अडतो?

आजचा विषय वीज, पण बिलाचं रडगाणं नाही. आपल्या शहापूर तालुक्यात एक भलीमोठी बॅटरी आहे, पाण्याची.

घाटघर प्रकल्प. वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं चोंढ्याला, मध्ये साधारण 400 मीटरचा कडा. वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. क्षमता 250 मेगावॅट. त्यासाठी जपानकडून घेतलेल्या कर्जाचा करार 1988 चा, वीज आली 2008 मध्ये. वीस वर्षं!

आता सोलरचा जमाना. ऊन दुपारी, मागणी संध्याकाळी. म्हणजे साठवण हवीच, आणि आपल्याकडे कडे तर आहेतच. तरी मुरबाडच्या बाजूला माळशेजचा 700 मेगावॅटचा सरकारी प्रस्ताव कागदावरच राहिला. असं का होतं?

हिशोब बघा. 4 युनिट खर्चून पाणी वर नेलं, तर परत मिळतात साधारण 3. समजा दुपारी 3 रुपयांनी वीज घेतली, तर संध्याकाळी 4 रुपयांनी विकून फक्त विजेचे पैसे सुटतात. धरण, बोगदा, व्याज वेगळंच. उद्या दर काय असेल याची खात्री नाही, मग बँक कर्ज देणार कशाच्या जोरावर? त्यामुळे गोदामाला देतो तसं भाडं ठरवावं लागतं, वापरा किंवा नका वापरू. हे आत्ता कुठे जमतंय. नाशिक-ठाणे हद्दीवरच्या भावलीच्या 1,500 मेगावॅट प्रकल्पासाठी महावितरणने 2024 मध्ये जेएसडब्ल्यू एनर्जीला इरादापत्र दिलं: 40 वर्षं, मेगावॅटमागे वर्षाला 84.66 लाख रुपये. राज्याचं उदंचन धोरणही डिसेंबर 2023 चंच.

दुसरी अडचण जमिनीची. शहापूर अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्रात, मुरबाडचा काही भागही. म्हणजे पेसा, वनहक्क, ग्रामसभा. गुंतवणूकदारांच्या तोंडी हे सगळं ‘अडथळे’ म्हणून येतं. मला नाही पटत. भातसा आणि तानसा याच तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर! त्या माणसांनी ‘आणखी एक धरण, मग आमचं पाणी किती?’ असं विचारलं तर त्यात चूक काय? कंपनीला 40 वर्षांची हमी कागदावर मिळते ना, मग पाड्याच्या पाण्याचा आकडाही त्याच कागदात लिहा. आणि तो ग्रामसभेच्या आधी ठरू द्या, नंतर नको.