कान व डोळे यांतील चार बोटें

सांगलीस १९६३ सालीं आकाशवाणीचें केंद्र निघालें. केवळ आवाजावर उभें राहणारें नाटक, म्हणजे श्रुतिका, ही तेव्हांपासून आपल्या सातारा-सांगलीकडील कानांच्या चांगली ओळखीची आहे. या नाट्यप्रकाराची एक शाखा अमेरिकेंत फार गाजली. ती म्हणजे संघसरकारच्या गुप्त पोलिसांच्या तपासावरील नभोनाट्यें. त्यांची हकीकत विद्यार्थ्यांस व पालकांस बोधप्रद होईल असें आम्हांस वाटतें.

संघसरकारास निराळे पोलीस कशाला, हें प्रथम पाहूं. इंग्रजी अमलांत सातारा जिल्ह्याच्या शेजारीं औंध, फलटण, सांगली अशीं संस्थानें होतीं. जिल्ह्याच्या फौजदाराची सत्ता संस्थानच्या शिवेपाशीं संपे. अमेरिकेंतील घटक राज्यांचीहि स्थिति अशीच होती. मोटारी आल्या, आणि एका राज्यांत पेढी लुटून दरोडेखोर कांहीं तासांत दुसऱ्या राज्यांत पसार होऊं लागले. म्हणून १९३४ सालीं नवे कायदे होऊन संघसरकारच्या तपासखात्यास शस्त्र बाळगण्याचा व अटक करण्याचा अधिकार मिळाला. एडगर हूव्हर हे १९२४ पासून १९७२ पर्यंत या खात्याचे प्रमुख होते.

१९३५ च्या जुलैंत फिलिप्स लॉर्ड यांनीं ‘जी-मेन’ ही नाट्यमाला सुरू केली. आदल्या वर्षीं शिकागोंत या खात्याच्या गोळीस बळी पडलेला दरोडेखोर डिलिंजर हा तिचा पहिला विषय. १९३६ पासून ती ‘गँग बस्टर्स’ या नांवानें चालली. शिट्ट्या, भोंगे व बंदुकांचा कडकडाट यांनीं खेळास आरंभ होई, आणि शेवटीं फरारी गुन्हेगारांचें वर्णन सांगण्यांत येई. १९४५ ते १९५३ पर्यंत चाललेली ‘धिस इज युवर एफ. बी. आय.’ ही माला तर खुद्द खात्याच्याच सहाय्यानें होत असे.

श्रुतिकेस पडदा नाहीं, रंग नाहीं. दोन करवंट्या आपटल्या कीं घोडा धांवतो. पातळ कागद चुरगळला कीं आग भडकते. बाकीचें चित्र श्रोता स्वतःच्या मनांत काढतो. आपणच काढलेल्या चित्रावर अविश्वास कोण दाखवील?

मेख आहे ती येथेंच. ‘जी-मेन’च्या संहिता हूव्हर यांच्या कचेरींतून तपासल्या जात. न्यायालयांत आरोपीस वकील असतो. या नाटकांत तो नसे, आणि तपास करणारा सहसा चुकत नसे. पुढें १९६३ सालीं याच खात्यानें मार्टिन ल्यूथर किंग या धर्मोपदेशकाचें टेलिफोनवरील बोलणें चोरून ऐकण्यास आरंभ केला. हा व असे इतर प्रकार १९७५-७६ सालीं सेनेटच्या समितीनें उघडकीस आणले. नाटकांत मात्र त्यांचा आवाज कधींच उमटला नव्हता.

अशीं नाटकें ऐकूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांनीं कान तीक्ष्ण होतात व कल्पनाशक्तीस व्यायाम घडतो. परंतु कान व डोळे यांत चार बोटांचें अंतर असतें, हें आपल्या वडील माणसांचें सांगणें विसरूं नये. विद्यार्थ्यांनो, गोष्ट कितीहि रंगली तरी ती कोण सांगत आहे, आणि बोलण्याची पाळी कोणास मिळालीच नाहीं, एवढें स्वतःस विचारा. पालकांनींहि घरांतील दोन भावंडांचें भांडण तोडतांना हीच रीत ठेविली, तर मुलें न्याय म्हणजे काय हें पुस्तकावांचून शिकतील.