बॅटरीची ताकद नुसत्या व्होल्टवरून कळत नाही

मीटरवर सेल ठणठणीत दिसतो, टॉर्च मात्र मिणमिणते. यामागे दोन राशी आहेत : विद्युतचालक प्रेरणा, म्हणजे ईएमएफ, आणि सेलच्या आतला अंतर्गत रोध.

गैरसमज : मीटरने १.५ व्होल्ट दाखवले, म्हणजे सेल चांगला.
वस्तुस्थिती : डिजिटल मल्टिमीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. त्यातून नगण्य प्रवाह जातो, म्हणून दिसतो तो जवळजवळ ईएमएफच. भार जोडला की प्रवाह वाहतो आणि थोडे व्होल्टेज आतच खर्ची पडते :
टोकांवरचे व्होल्टेज = ईएमएफ − (प्रवाह × अंतर्गत रोध)

गैरसमज : मीटर ओहमवर ठेवून अंतर्गत रोध मोजता येतो.
वस्तुस्थिती : ओहमवर मीटर स्वतःचा प्रवाह सोडून रोध काढतो. त्यात सेलचे व्होल्टेज मिसळले की आकडा निरर्थक ठरतो, मीटरही बिघडू शकतो. त्याऐवजी व्होल्टेज दोनदा मोजा : आधी भाराशिवाय, मग ५ ओहमचा रोधक जोडून. समजा, ते १.५० वरून १.४० व्होल्टवर आले. प्रवाह १.४० ÷ ५ = ०.२८ अँपिअर, अंतर्गत रोध ०.१० ÷ ०.२८, म्हणजे सुमारे ०.३६ ओहम. अधिक खात्रीसाठी निरनिराळे रोधक लावून व्होल्टेज-प्रवाह आलेख काढा. रेषा व्होल्टेजच्या अक्षाला छेदते तिथे ईएमएफ. रेषा जितकी उतरती, तितका अंतर्गत रोध जास्त.

गैरसमज : १२ व्होल्टच्या सगळ्या बॅटऱ्या सारख्याच.
वस्तुस्थिती : आठ पेन्सिल सेल एकसर जोडले तरी १२ व्होल्ट मिळतात. पण प्रत्येकाचा रोध ०.२ ओहम धरला, तर एकूण १.६ ओहम होतो आणि प्रवाह ७.५ अँपिअरपुढे जात नाही. मोटारीच्या स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. मोटारीच्या बॅटरीचा रोध काही मिलिओहमच असल्याने ती ते देते. त्यामुळेच तिच्या टोकांना अँमीटर थेट लावणे धोक्याचे.

गैरसमज : टोकांवरचे व्होल्टेज ईएमएफपेक्षा कमीच असते.
वस्तुस्थिती : चार्ज होताना प्रवाह उलटा वाहतो आणि व्होल्टेज ईएमएफच्या वर जाते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तेव्हा १४ व्होल्टच्या आसपास दिसतात.

गैरसमज : अंतर्गत रोध कायम तेवढाच राहतो.
वस्तुस्थिती : थंडीत आणि वयाबरोबर तो वाढतो. म्हणून बॅटरी बदलण्याआधी ती भारावर तपासून घ्या.