फोनवरचा छळ आणि मुलांचे आरोग्य

पोट दुखते, डोके जड होते, रात्री झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन आठवी ते बारावीची मुले दवाखान्यात येतात. तपासणीत काही निघत नाही. अशा वेळी मी पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून मुलाला विचारतो, 'मोबाईलवर कोणी त्रास देते का?' कित्येकदा आजाराचे मूळ तिथे सापडते.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात गुणांवरून, रंगावरून वा जातीवरून वारंवार हिणवणे, बनावट खाते काढून बदनामी करणे, फोटोत फेरफार करून तो पसरवण्याची धमकी देणे, हा सारा सायबर छळच होय. माळेगावच्या यात्रेत कोणी टिंगल केली तर यात्रा उठली की ती विसरते. फोनवरची टिंगल मात्र अंथरुणातही सोबत येते, आणि ती किती जणांनी पाहिली हे कळत नाही. या सततच्या ताणाने झोप उडते, भूक मंदावते आणि अभ्यासात लक्ष लागत नाही.

२०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीला राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेकांनी तिचे गुण सोडून चेहऱ्यावरच्या केसांची टिंगल केली. असे केस आनुवंशिकतेने किंवा संप्रेरकांच्या बदलाने येतात. त्यात तिचा काय दोष?

कसे ओळखावे? फोन वाजला की मूल दचकते, कोणी जवळ येताच फोन लपवते, शाळा किंवा शिकवणी टाळते, मित्र तोडते, चिडते वा गप्प राहते. लातूर-नांदेडला वसतिगृहात राहणारी मुले अचानक घरी परत येण्याचा हट्ट धरतात. यातले एखादे लक्षण म्हणजे छळच असे नव्हे. पण तीन-चार लक्षणे एकत्र दिसली तर शांतपणे विचारावे.

मुले का सांगत नाहीत? सांगितले तर फोन काढून घेतील, ही मुलांची भीती. मुलींची भीती याहून मोठी असते: शाळा बंद होईल, लग्न उरकून टाकतील. आपल्या भागात ही भीती खोटी नाही. धमकावणाराही नेमका तिच्याच जोरावर धमकावतो. म्हणून प्रत्येक आईवडिलांनी आजच सांगून ठेवावे, 'काहीही झाले तरी आम्हाला सांग. तुझे शिक्षण थांबणार नाही.'

काय करावे?

१) संदेश पुसू नका. खात्याचे नाव, तारीख व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. अश्लील चित्र असेल तर ते पुढे कोणालाही पाठवू नका.

२) उलट शिवीगाळ करू नका, पैसे देऊ नका. पुरावा ठेवून मगच खाते ब्लॉक करा आणि त्या माध्यमाकडे तक्रार करा.

३) पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. स्त्रीचा नकार असताना फोनवरून पिच्छा पुरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींचा लैंगिक छळ असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो.

४) 'मी नसलेलेच बरे' असे मूल बोलले तर त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तेथे जाण्यात कमीपणा मानू नये.

शेवटी एक विनंती. आपले मूल छळ करणाऱ्यांत तर नाही ना, हेही पाहावे. दुसऱ्याच्या मुलीचा फोटो नुसता पुढे पाठवणाराही त्या छळात सामील असतो, हे मुलांना घरीच समजावून सांगावे.