रेंज टॉवर देतो, फोन नाही

"आमच्या गावात नेट चालत नाही, म्हणून फाईव्ह-जीचा फोन घ्यायचाय." हळदीचे किंवा सोयाबीनचे पैसे हातात आले की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मोबाईल शॉपींत हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारा सेनगावकडच्या एखाद्या डोंगराळ गावातला असतो, नाहीतर औंढ्याच्या माळावर आखाडा करून राहणारा. "यात नेट पळतंय बघा," असं दुकानदार सांगतो आणि वीस-पंचवीस हजार मोजले जातात. घरी गेल्यावर मात्र रेंजची तीच एक काडी. घामाचा पैसा असा चुकीच्या समजुतीपायी जातो, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून आज मुख्यतः या एकाच समजुतीबद्दल.

गैरसमज : फाईव्ह-जीचा भारी फोन घेतला की गावात नेट येतं.

वस्तुस्थिती : येत नाही. फोन नेटवर्क तयार करत नाही, तो टॉवरचा सिग्नल पकडतो. गावाजवळच्या टॉवरवर फक्त फोर-जी असेल, तर लाखाचा फाईव्ह-जी फोनही तिथे फोर-जीवरच चालणार. आणि टॉवरच दोन टेकड्यांपलीकडे असेल, तर फोर-जी आणि फाईव्ह-जी दोन्ही फोन सारखेच हतबल.

देशात फाईव्ह-जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. त्यातल्या मुख्य लहरी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या आहेत. या लहरी वेग भरपूर देतात, पण लांब जात नाहीत. भिंत, झाडी, टेकडी आड आली की लगेच कमजोर होतात. उलट ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर पोचतात आणि घरातही शिरतात. विखुरलेल्या वस्त्यांना या कमी मेगाहर्ट्झच्या लहरींचाच आधार असतो. या लहरींच्या पट्ट्यांना 'बँड' म्हणतात. फोन घेताना विचारायचा प्रश्न हा : माझ्या गावात चालणाऱ्या कंपनीचे बँड या फोनमध्ये आहेत का? जिओचं फोर-जी बँड ५, ३ आणि ४० वर चालतं. एअरटेलचं मुख्यतः ८, ३, १ आणि ४० वर. बीएसएनएलच्या फोर-जीसाठी बँड २८ आणि बँड १ लागतात. यातला २८ म्हणजेच ७०० मेगाहर्ट्झ, आणि तो प्रत्येक फोनमध्ये असतोच असं नाही. बँडची यादी कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीत छापलेली असते. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत ती बघता येते.

आणखी एक गोष्ट कुणीच सांगत नाही. बोलणं दोन्ही बाजूंनी होतं. टॉवरचा आवाज फोनपर्यंत आला तरी फोनचं उत्तर टॉवरपर्यंत पोचावं लागतं. टॉवर कित्येक वॅट शक्तीने पाठवतो, तर फोर-जी फोनची सर्वसाधारण मर्यादा आहे ०.२ वॅट. स्वस्त असो की महाग, मर्यादा तीच. चांगल्या फोनचा अँटेना थोडा सरस असू शकतो, पण त्याने काडी-अर्धी काडीचा फरक पडेल. टेकडी हटणार नाही. आणि टॉवर लांब असला की फोन सतत पूर्ण जोर लावतो, त्यात बॅटरी संपते. "फोनची बॅटरी टिकत नाही" ही तक्रारही पुष्कळदा रेंजचीच असते.

पत्र्याच्या घरांचं काय होतं तेही पाहा. पत्रा लहरी परतवतो. अंगणात तीन काड्या आणि आत आलं की फोन मुका, हा अनुभव आपल्याकडे घरोघरचा. तो फोनचा दोष नाही. घरात वाय-फाय असेल तर फोनच्या सेटिंगमधलं 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करा. पत्र्याखालीही कॉल लागेल.

मग आपल्या जागेवर रेंज किती आहे, हे शोधायचं कसं? काड्यांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या हिशोबाने दाखवतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, मग 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' उघडा. तिथे 'सिग्नल स्ट्रेंथ' समोर उणे चिन्ह असलेला आकडा आणि पुढे 'डीबीएम' दिसेल. उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम. उणे १०५ ला काम रडतखडत चालतं. उणे ११५ च्या खाली गेलं की कॉल तुटायला लागतात. शेजाऱ्याचं, पाहुण्याचं, मजुराचं, जे जे सिम मिळेल त्यावर हा आकडा घरात, अंगणात आणि शेतात बघून लिहून ठेवा. दूरसंचार नियामक असलेल्या 'ट्राय'च्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपले कव्हरेज नकाशे वेबसाइटवर टाकणं बंधनकारक आहे, तेही बघा. पण नकाशा आणि आखाडा यांत वाद झाला तर आखाड्याचं ऐका.

गैरसमज : महिन्याचा रिचार्ज म्हणजे महिन्याचा रिचार्ज.

वस्तुस्थिती : बहुतेक प्लॅन २८ दिवसांचे. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. ट्रायने २७ जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायला लावलं आहे. तो मागितल्याशिवाय दाखवला जात नाही, म्हणून मागा. तुलना करताना किंमत भागिले दिवस करा. रोजचा खर्च समोर येतो. रोजचा दीड जीबी डेटा निम्मासुद्धा वापरत नसाल, तर उरलेला रात्री बारा वाजता बुडतो आणि पैसे मात्र गेलेले असतात.

गैरसमज : आजीच्या बटनांच्या फोनलाही नेटचाच रिचार्ज मारावा लागतो.

वस्तुस्थिती : नाही. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन ठेवणं कंपन्यांना सक्तीचं आहे, आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते.

गैरसमज : कंपनी बदलली की नंबर जातो.

वस्तुस्थिती : २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करा. येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण हवेत, आणि उरलेला बॅलन्स सोबत येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

गैरसमज : टॉवरने कॅन्सर होतो, म्हणून गावात नको.

वस्तुस्थिती : आधी टॉवर अडवायचा आणि मग रेंज नाही म्हणून ओरडायचं, हे थांबलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित' या गटात, म्हणजे २-बी मध्ये टाकलं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. भारताने टॉवरसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशच मर्यादा ठेवली आहे. आणि टॉवर जितका लांब, तितका कानाला लावलेला फोन जास्त जोराने लहरी सोडतो.

थोडक्यात बाकीचे :

'८ अधिक ८, १६ जीबी रॅम' : खरी रॅम ८ च, उरलेली म्हणजे साठवणीतली उसनी जागा, आणि ती बरीच संथ असते.

'मेगापिक्सल जास्त, फोटो चांगला' : सेन्सरचा आकार, भिंग आणि फोनमधली प्रक्रिया यांवर फोटो ठरतो.

'नेट नसेल तर जीपीएस चालत नाही' : चालतं, जीपीएस उपग्रहांकडून येतं, नेट लागतं ते नकाशा उतरवायला. ई-पीक पाहणीसाठी शिवारात उभं राहणाऱ्याने हे माहीत ठेवावं.

'जीएसटी कमी झाला, फोन स्वस्त झाले' : सप्टेंबर २०२५ च्या कपातीत मोबाईल नव्हते, कर १८ टक्केच आहे.

'बीएसएनएलला फोर-जी नाही' : आहे, २७ सप्टेंबर २०२५ ला त्याचं देशभरासाठी उद्घाटन झालं.

'जुना फोन घेताना बिल असलं की झालं' : इंग्रजीत 'केवायएम' आणि फोनचा आयएमईआय नंबर लिहून १४४२२ वर एसएमएस करा. काळ्या यादीतला किंवा नक्कल आयएमईआयचा फोन असेल, तर फुकटही घेऊ नका.

तर क्रम उलटा करा. आधी आपली जागा मोजा, मग तिथे चालणारं सिम ठरवा, मग रोजच्या खर्चाने प्लॅन निवडा आणि सगळ्यात शेवटी त्या सिमचे बँड असलेला फोन घ्या. या क्रमाने गेलात तर कमी पैशांचा फोनही तुमचं काम नीट करेल. आणि तुमच्या जागेवर एकाही कंपनीचा आकडा धड येत नसेल, तर नव्या फोनवर एक रुपयाही घालू नका. त्याऐवजी ग्रामसभेत टॉवरची मागणी लावून धरा आणि कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवा.